नवजात ताऱ्यांचे झोत आणि संगणकीय सदृशीकरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सदृशीकरण म्हणजे एखाद्या घटनेची समीकरणे संगणकावर सोडवून तिची प्रतिकृती उभी करणे. सिद्धांत व प्रयोग यांच्या जोडीने ही पद्धती आता बहुतेक विद्याशाखांत रुजली आहे. अशा प्रतिकृतीला पुराव्याचे मोल कितपत द्यावे, हा प्रश्न मात्र कायम आहे. नवजात ताऱ्यांतून निघणाऱ्या वायुझोतांच्या संशोधनाच्या आधारे त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निरीक्षणांची पार्श्वभूमी :
जॉर्ज हर्बिग व गिलेर्मो हारो यांनी १९५० च्या सुमारास मृग तारकासमूहातील काही लहान, तेजस्वी ठिपक्यांकडे लक्ष वेधले. त्यांचा वर्णपट आघात तरंगांमुळे निर्माण होतो, असे श्वार्ट्झ यांनी १९७५ मध्ये सुचविले. १९८३ मध्ये मुंड्ट व फ्रीड यांनी नवजात ताऱ्यांलगतचे अरुंद झोत दाखवून दिले. या झोतांचा वेग सेकंदाला काहीशे किलोमीटर असतो.

उसनी प्रतिकृती व तिची दुरुस्ती :
१९८२ मध्ये नॉर्मन व सहकाऱ्यांनी स्वनातीत झोतांची जी सदृशीकरणे केली, ती रेडिओ दीर्घिकांच्या झोतांसाठी होती. त्यांत विरळ झोताभोवती तप्त वायूचे वेष्टन तयार होई. प्रारणाद्वारे होणारा ऊर्जाऱ्हास जमेस धरलेला नव्हता. नवजात ताऱ्यांचे झोत मात्र तुलनेने दाट असतात आणि प्रारणामुळे लवकर थंड होतात. ब्लाँडिन, क्योनिगल व फ्रिक्सेल यांनी १९९० मध्ये हा ऱ्हास समाविष्ट करताच चित्र पालटले. झोताच्या अग्रभागी थंड व दाट वायूचे पातळ कवच साचून त्याचे तुकडे होऊ लागले.

झोतातील गाठींचा प्रश्नही असाच सुटत गेला. उगमाचा वेग कमीअधिक होत असल्यास वेगवान वायू पुढच्या मंद वायूला गाठतो व तेथे आघात निर्माण होतो, अशी मांडणी रागा व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केली. स्टोन व नॉर्मन यांनी १९९३ मध्ये ती संगणकावर तपासली. पुढे हबल दुर्बिणीच्या सुमारे चौदा वर्षांच्या छायाचित्रमालिकेत (२०११) असे पाठलाग प्रत्यक्ष दिसले.

मर्यादा :
झोत मुळात कसा सुटतो, हा प्रश्न अधिक अवघड आहे. फिरत्या चकतीतील चुंबकीय क्षेत्र वायूला बाहेर फेकते, या कल्पनेचे सदृशीकरण उचिदा व शिबाता यांनी १९८५ मध्ये केले. ऊयेद व पुड्रिट्झ यांनी १९९७ मध्ये चकती ही स्थिर सीमा म्हणून गृहीत धरली. त्यामुळे चकतीच्या स्वतःच्या बदलांविषयी त्या प्रतिकृतीला काही सांगता येत नव्हते.

निष्कर्ष :
केवळ चित्र जुळणे हा पुरावा नव्हे, कारण निराळ्या गृहीतकांतूनही सारखे चित्र उमटू शकते. कोणती गोष्ट वगळल्याने चित्र बिघडते आणि कोणती घेतल्याने सुधारते, हे दाखविण्यात सदृशीकरणाचे खरे सामर्थ्य आहे. म्हणून ते अभ्यासताना निष्पत्तीइतकीच गृहीतकेही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे.