अलीपूर रोड, बंगला नंबर १८

चपला दारातच काढा. देवळात नाही चाललात, पण आत पावलं वाजलेली चालणार नाहीत. साल १९४१, महिना जूनचा, आणि दिल्लीत लू अशी सुटलीय की श्वास घेताना नाकपुड्या भाजतात. संसद मार्गावरचं ते ऐसपैस प्रसारण भवन अजून उघडायचंय. सध्या ऑल इंडिया रेडिओ या बंगल्यातून बोलतो, १ जानेवारी १९३६ पासून.

बोळात पान, घाम आणि अत्तर यांचा एकत्र वास. कुठेतरी तबला लावतायत. एका खोलीतून खडखडाट येतोय. हळूच डोकवा: सआदत हसन मंटो उर्दू टाइपरायटरवर नाटक लिहितोय. आधी कच्चं, मग पक्कं, असली भानगड नाही; डोक्यातून थेट यंत्रात. उपेंद्रनाथ अश्क आणि कृष्णचंदर हे लेखकही इथेच नोकरीला आहेत. त्यांचे एकमेकांना मारलेले टोमणे ऐकत उभं राहावंसं वाटतं खरं, पण चला, नाटकाची वेळ झाली.

स्टुडिओचं जाड दार लागतं आणि कानात दडे बसतात. जाड पडदे आवाज गिळतात, वाराही गिळत असावेत. एका मायक्रोफोनभोवती सगळी पात्रं दाटीवाटीने उभी. नायकाची ओली पाठ तुमच्या दंडाला चिकटलीय, आणि नाटकातल्या म्हातारीच्या तोंडाला तंबाखूचा वास येतोय. हातातला कागद कोपऱ्याला धरा. फडफडला तर सगळीकडे ऐकू जाईल. कुणाला लांबून बोलायचंय? तो दोन पावलं मागे सरकतो, झालं लांब! कोपऱ्यात एकजण पत्र्याचा तुकडा घेऊन तयार. तो आजचा वळीव.

लाल दिवा लागला. आता शिंक आली तरी दाबा. टेप अजून इकडे पोचलेली नाही. जे होईल ते त्याच क्षणी हवेत जातं आणि परत बोलावता येत नाही. शिवाय २० किलोवॅटचा प्रक्षेपक आहे. मुंबईने सुरुवात केली ती दीड किलोवॅटवर. त्यातून रात्रीची वेळ. मध्यम लहरी वरच्या हवेवरून उलट्या फिरून भलत्याच लांब उतरतात. दिवसा जी शिंक आसपास विरली असती, ती आता कुठे जाऊन पडेल कोण जाणे! अदृश्य लहरी वगैरे पुस्तकात ठीक आहे. रेडिओ खरा घामाचा धंदा.

आता दुसऱ्या टोकाला या, चांदणी चौकात. ट्रामची घंटा, जिलबीचं तूप, आणि एका दुकानासमोर ही गर्दी. बटण फिरवलं तरी पेटी लगेच बोलत नाही. आतले व्हॉल्व्ह तापायला हवेत. तापलेल्या धुळीचा वास आधी येतो, मग शिट्टी, मग खरखर. दुकानदार काटा केसभर सरकवतो आणि अचानक तुमचा मघाचाच नायक बोलायला लागतो. तुमच्या पायावर कुणाचा तरी पाय, खांद्यावर कुणाची तरी हनुवटी. पत्रा गडगडतो. मागे उभा असलेला एक गृहस्थ दचकून वर बघतो आणि गच्चीवरची अंथरुणं गोळा करायला घराकडे पळत सुटतो.

हशा पिकतो. पुढचे दोन संवाद त्यात बुडतात. मागून कुणीतरी ओरडतं, आवाज वाढवा. दुकानदार भडकतो: लायसन्सचे वर्षाला दहा रुपये पोस्टात मी भरायचे, फुकट ऐकायचं तुम्ही, आणि वर हुकूमही तुमचाच?