वेळासची पुळण आणि बाबांची तार

नागपूरला झिरो माईलचा दगड आहे. देशाचा मध्य इथं, असं आम्ही मास्तर लोक पोरांना सांगतो आणि पोरं माना डोलावतात. या मध्याचा दुसरा अर्थ मला फार उशिरा कळला. समुद्र आमच्यापासून चारही बाजूंनी सारखाच लांब. आमचं बुटीबोरी त्या दगडाच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर. एके काळी इथं कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागा. आता नुसतं बुटीबोरी म्हटलं तरी लोकांच्या डोळ्यांसमोर एमआयडीसीच येते. कारखान्यांच्या पट्ट्यात आमचंही वावर गेलं. जंगलाच्या अंगाचं तीन एकर तेवढं राहिलं, तेही रोही आणि रानडुकरांच्या मर्जीवर.

बाबांनी अठ्ठ्याहत्तरीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. २०१९च्या फेब्रुवारीत एका रात्री जेवताना सहज म्हणाले, "समुद्र पाहाचा राहूनच गेला न रे." माझा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आजोबांना गर्दीत नको. वेळासला जाऊ. कासवं पाहू." मी इतिहास शिकवतो, त्यामुळे वेळास म्हटल्यावर मला कासव नाही, नाना फडणवीस आठवले. बाबांना दोन्हींशी कर्तव्य नव्हतं. पाणी खारं असते ते चाखून पाहायचं, एवढंच त्यांचं ठरलेलं.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला आलो. तिथं सावित्रीची खाडी आडवी येते. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे वेशवीला उतरायचं. रायगड जिल्हा संपतो, रत्नागिरी जिल्ह्याचा मंडणगड तालुका सुरू होतो. बोट निघाली तसे बाबा गाडीचं दार धरून बसले, खाली उतरेनात. मी त्यांना बाणकोटचा किल्ला दाखवत होतो. हा मराठ्यांचा हिम्मतगड. १७५६ साली इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. बाबांनी किल्ल्याकडे पाहिलंच नाही. "हे बोट बुडत त नाही न?" एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.

याच खाडीवरून एकदा भटांचं कुटुंब पळालं होतं. श्रीवर्धनची देशमुखी त्यांच्याकडे. जंजिऱ्याच्या सिद्दीशी वाकडं आलं आणि बाळाजी विश्वनाथांना गाव सोडावं लागलं. खाडीच्या अलीकडे वेळासला भानू राहत. त्यांनी आसरा दिला, आणि नुसता आसरा देऊन थांबले नाहीत, बरोबर देशावर निघाले. मला मिळेल त्यात तुमचा वाटा, असा शब्द बाळाजींनी दिला होता म्हणतात. ती दंतकथा असेल. पण पुढे भट पेशवे झाले आणि भानू फडणवीस झाले, हे तर खरंच आहे. १७१९ साली दिल्लीच्या दंग्यात बाळाजींबरोबर गेलेल्या भानूंपैकी एकाचा जीव गेला. त्यांचा नातू बाळाजी जनार्दन, म्हणजे आपले नाना. जन्म १७४२चा, साताऱ्यातला. वेळास हे त्यांचं मूळ गाव. गावातल्या महालक्ष्मीच्या देवळाशी नानांचं नाव जोडलेलं आहे, आणि गावात त्यांचा पुतळाही आहे. पानिपतातून जीव वाचवून आलेला, पुण्याची दौलत पंचवीसएक वर्षं सांभाळणारा माणूस. त्याचं मूळ गाव मात्र लाल मातीच्या पायवाटांचं, पोफळींच्या सावलीतलं, हाकेच्या अंतरात मावणारं.

उतरलो एका घरी. वेळासला हॉटेल असं नव्हतंच. गावकऱ्यांच्या घरीच राहायचं, ओटीवर पथारी, पानात ते वाढतील ते. घरच्या वहिनींनी उकडीचे मोदक केले होते. बाबांनी चार खाल्ले, पण सोलकढी पाहून दचकले. "हे गुलाबी काय हाय?" वहिनी हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन वाट्या मागून घेतल्या.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. घरांमागून वाडीतली वाट जाते, मग सुरूची झाडं लागतात, आणि झाडं संपली की वाळूचे उंचवटे. कोकणात किनाऱ्याच्या वाळूला पुळण म्हणतात. या उंचवट्यांवर मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. नाव किती नेमकं आहे पाहा. समुद्राची हद्द तिथं संपते. वेलीची मुळं वाळू धरून ठेवतात, नाहीतर वारा सगळी पुळण उचलून वाडीत आणून टाकेल. बाबांनी वेल उपटून मुळं पाहिली. शेतकऱ्याची खोड. "आपल्या धुऱ्यावर हे लावाले पायजे," म्हणाले. मग चपला काढून पाण्यात गेले. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "एवढं पाणी, अन् वावराच्या कामाचं थेंब नाही."

डोक्यावरून एक मोठा पक्षी गेला, पोटाशी पांढरा. समुद्रगरुड. वेळासच्या कासवांची गोष्ट या पक्ष्यापासून सुरू होते. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी हा किनारा पालथा घालत होते. इथं त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण हिवाळ्यात रात्री पुळणीवर येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही पाहत नाही. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं आपली आपण वर येतात. वाळू किती तापली त्यावर नर की मादी ते ठरतं. मधल्या काळात कोल्हे, कुत्रे आणि माणसं. संस्थेनं गावाशी बोलून, पंचायत आणि वन खात्याला धरून, अंडी कुंपणात हलवायला सुरुवात केली. ज्यांना घरटी शोधता येत होती त्याच माणसांना राखण दिली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, शहरातले लोक येऊ लागले आणि गावात चार पैसे आले.

घरटी शोधता येणारा असाच एक माणूस आमच्या घरमालकांकडे होता, त्यांचे वडील. बाबांच्याच वयाचे. रात्री ओटीवर दोघं म्हातारे सुपारी कातरत बसले. बाबांनी विचारलं तसे ते बोलायला लागले.

"पहाटे जायचो आम्ही. कासवीण येऊन गेली की वाळूत माग राहतो, ट्रॅक्टर गेल्यासारखा. माग वळला तिथं काठी खुपसत जायचं. टोक ओलं आलं की खाली अंडी. घरी खायची, उरली तर विकायची. वडलांनी तेच केलं, मीही केलं."

"पाप नाही वाटलं भाऊ?" बाबांचा प्रश्न सरळ असतो.

"तेव्हा नाही वाटलं. कोंबडीच्या अंड्याचं वाटतं का तुम्हाला? आता वाटतं."

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. लाटांचा आवाज ओटीपर्यंत येत होता. मग बाबा म्हणाले, "म्या त तार टाकली होती."

मी मोबाइल खाली ठेवला.

"लाइनवरून तार टाकली रात्री, धुऱ्यानं. डुकरं लय करत होते त्या साली. कर्ज अंगावर होतं. सकाळी जाऊन पाहतो त रोही पडली होती, मादी. पोटुशी होती." सुपारी कातरणं थांबलं नव्हतं. "दिवस निघाच्या आत पुरली. कोणाले सांगतलं नाही. मंग वाटलं, तिच्या जागी कोणाचं पोरगं असतं तं? तार काढून टाकली."

आमच्या वावरात आंब्याखाली दोन-तीन हातांचा एक तुकडा बाबांनी कधी नांगरू दिला नाही. मी कॉलेजात असताना विचारलं होतं. खाली दगड हाय, फाळ तुटन, असं त्यांनी सांगितलं होतं. मी ते तीस वर्षं खरं मानून चाललो. इतिहासाचा मास्तर म्हणवतो मी स्वतःला.

वेळासचे आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सकाळी सहाला निघू. मी येतो बरोबर. आता मी फारसा जात नाही तिकडे."

सकाळी कुंपणाजवळ पन्नासेक माणसं होती. कासवमित्रांनी दोरी बांधली, फ्लॅश नको, दोरी ओलांडायची नाही, असं बजावलं. घरट्यावरची टोपली उचलली तर वाळू हलत होती. त्या दिवशी एकोणीस पिल्लं निघाली. काळपट, तळहातात मावतील एवढी. पाण्यापासून थोडं वर सोडली तशी चालायला लागली. एक मात्र उलटं फिरून दोरीकडे आलं, बरोबर बाबांच्या पायाशी. बाबा वाकले. "आजोबा, हात नको," कासवमित्र पोरगा म्हणाला. बाबांनी हात मागे घेतला आणि गुडघ्यांवर बसून राहिले. पिल्लू थांबलं, मान हलवली, वळलं. हजारात एखादंच मोठं होतं, असं पोरगा सांगत होता. बाबांनी एकोणीसही पाण्यात जाईपर्यंत मोजली.

परतीच्या वाटेवर मला कटक आठवत होतं. आम्हा नागपूरकरांना समुद्र नाही हे अर्धंच खरं. १७५१ साली अलिवर्दी खानाशी तह झाला आणि ओडिशा रघूजी भोसल्यांच्या पदरात पडला. पुढे शिवभट साठे नावाचे सुभेदार कटकात बसून कारभार पाहत. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीला जगन्नाथाच्या दारी आला तो या मराठी अमलातच. नानांनी इंग्रजांविरुद्ध निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले अशी मोट बांधली, तेव्हा भोसल्यांची फौज बंगालवर जाण्यासाठी निघाली ती कटकापाशी रेंगाळली, आणि हेस्टिंग्जनं पैसे चारून तिला गप्प केलं. वेळासच्या भानूंचा डाव आमच्या नागपूरकरांनी बिघडवला, हे मी वर्गात जरा हळू आवाजात सांगतो. आडगाव आणि गाविलगड हातचे गेल्यावर १८०३च्या देवगावच्या तहात कटक गेलं. आणि त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावर, गहिरमाथ्याला, लाखांनी कासवं येतात. वेळासला येतात त्याच जातीची. बावन्न वर्षं तो किनारा नागपूरच्या हाताखाली होता, आणि त्या काळातलं कासवाबद्दल एक अक्षर माझ्या वाचनात आलेलं नाही. महसूल किती, चौथ किती, हत्ती किती, हे मात्र पाठ आहे.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या वाड्या आडव्या झाल्या. मी वहिनींना फोन लावत राहिलो, बरेच दिवस लागला नाही. लागला तेव्हा त्या म्हणाल्या, पोफळी गेल्या, कौलं गेली, माणसं आहेत. आजोबांनी बाबांची चौकशी केली होती. २०२२च्या जानेवारीत वेळासच्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं आणि तिचं नाव प्रथमा ठेवलं, ती बातमीही मी बाबांना वाचून दाखवली. यंत्राचं त्यांना पटलं नाही. "पाठीवर ओझं कायले?"

२०२५ सालची बातमी मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावली. गुहागरच्या पुळणीवर जानेवारीत एक कासवीण अंडी घालायला आली. तिच्या पायाला बिल्ला होता. नंबर तपासला तर तो २०२१ साली ओडिशात, गहिरमाथ्याला लावलेला. पूर्वेचा समुद्र सोडून साडेतीन हजार किलोमीटरवर, पश्चिमेला आली होती.

"बिल्ला म्हंजे? आपल्या गाईच्या कानात असते तसा?"

"तसाच. कटकाकडचा. भोसल्यांचा मुलूख होता तो."

बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. कान गेलेत, पण डोकं जागेवर आहे. "मंग चौथाई वसूल कराले आली असन कोकनात," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "त्या वेळासच्या भाऊले फोन लाव. तेले सांग."

फोन लागला. तिकडच्या आजोबांनाही आता कमीच ऐकू येतं. दोघंही ओरडूनच बोलत होते, मी फोन धरून मध्ये उभा.

"कटकाहून आली म्हनते!" बाबा ओरडले.

"कोण आली?" तिकडून आवाज आला.

"कासवीन!"

"येऊ दे, येऊ दे," आजोबा म्हणाले. "जेवायला थांबव तिला."