बान्स्कोची रिकामी घरे : बल्गेरियातील सुट्टीच्या घरांच्या बाजाराचा इतिहास

१ जानेवारी २००७ रोजी बल्गेरिया युरोपीय महासंघात दाखल झाला. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत या देशात, विशेषतः काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर आणि पिरिन पर्वताच्या पायथ्याशी, हजारो ब्रिटिश आणि आयरिश कुटुंबांनी सुट्टीसाठी सदनिका घेतल्या. त्यांतील कित्येकांनी पैसे भरले तेव्हा इमारतीचा पायाही खोदलेला नव्हता. त्यांनी विकत घेतली होती ती खरे तर ही तारीख. महासंघात प्रवेश मिळाला की स्पेनमध्ये चढल्या तशा किमती इथेही चढतील, हे त्या व्यवहाराचे सगळे गणित होते. ते गणित कशावर उभे होते आणि कुठे चुकले, हे पाहायचे तर सुरुवात १९५० च्या दशकापासून करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बल्गेरिया सोव्हिएत गटात गेला. १९४८ मध्ये ‘बाल्कनतुरिस्त’ ही सरकारी पर्यटनसंस्था स्थापन झाली. पुढच्या दशकात वार्नाजवळ ‘झ्लात्नी प्यासत्सी’ (सोनेरी वाळू) आणि १९५८ पासून नेसेबरजवळ ‘स्लंचेव्ह ब्र्याग’ (सूर्यकिनारा) ही दोन पर्यटनस्थळे वाळूच्या टेकड्यांवर अक्षरशः शून्यातून उभी राहिली. नियोजनकर्ते सरकारी, वास्तुरचनाकार सरकारी, स्वयंपाकीही सरकारी. हेतू दुहेरी होता. समाजवादी देशांतील कामगारांना समुद्रकाठची सुट्टी मिळावी आणि पश्चिमेकडच्या पर्यटकांकडून देशाला परकीय चलन मिळावे. बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर ताटातूट झालेली जर्मन कुटुंबे येथे भेटत. पश्चिमेतून एक भाऊ येई, पूर्वेतून दुसरा, आणि दोन आठवडे दोघे एकाच किनाऱ्यावर असत.

या काळातील एक गोष्ट पुढच्या कथेसाठी महत्त्वाची आहे. सूर्यकिनाऱ्यावर खोली आठवड्याच्या हिशेबाने मिळे, पण कोणालाही मालक होता येत नसे. हॉटेलांमध्ये भरपूर मोकळी जागा सोडलेली होती, झाडे होती, कारण जागेला बाजारभावच नव्हता. चाळीस वर्षांनी याच मोकळ्या जागांचे भूखंड झाले.

१० नोव्हेंबर १९८९ रोजी तोदोर झिव्कोव्ह यांची पस्तीस वर्षांची राजवट संपली. १९९१ च्या कायद्याने सामूहिकीकरणात गेलेली शेतजमीन मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत देण्याचे काम सुरू झाले. हे काम किती किचकट असते, हे सातबाऱ्यावर वीस नावे पाहिलेल्या मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. आजोबांच्या चार एकरांचे नऊ वारस, त्यांतले तीन परदेशात आणि दोघांचा पत्ताच नाही, अशी स्थिती. ज्याच्याकडे थोडी रोकड आणि भरपूर चिकाटी होती त्याने हे हिस्से एकेक करून गोळा केले. किनाऱ्यालगतच्या आणि डोंगरपायथ्याच्या अनेक जमिनी अशाच वाटेने बिल्डरांकडे गेल्या.

१९९६-९७ च्या हिवाळ्यात बँका कोसळल्या. फेब्रुवारी १९९७ या एका महिन्यात महागाई २०० टक्क्यांहून अधिक वाढली. लोकांची आयुष्यभराची बचत वितळली. त्यावरचा उपाय म्हणून जुलै १९९७ मध्ये चलनमंडळाची व्यवस्था आली आणि लेव्ह हे चलन जर्मन मार्कला बांधले गेले. युरो आल्यावर हा दर १ युरोस १.९५५८३ लेव्ह असा ठरला आणि नंतर कधीच हलला नाही. परदेशी खरेदीदारासाठी याचा अर्थ सोपा होता. देश गरीब, पण चलन युरोइतकेच स्थिर. स्वस्त जमीन आणि स्थिर चलन अशी जोडी सहसा एकत्र सापडत नाही, आणि ज्या संकटाने स्थानिकांना धुऊन नेले होते त्याच संकटाने ती परकीयांसाठी तयार केली. मालमत्तेच्या जाहिरातींत ‘युरोपातील सर्वांत स्वस्त किनारा’ असे शब्द येत. तो स्वस्त का आहे, हे जाहिरातीत येत नसे.

ब्रिटनकडची परिस्थितीही तितकीच निर्णायक होती. तिथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून घरांच्या किमती सलग चढत होत्या. राहत्या घराची वाढलेली किंमत बँकेला दाखवून त्यावर जादा कर्ज काढणे सोपे झाले होते. विमानप्रवास स्वस्त झाला होता, आणि परदेशात घर शोधणाऱ्या जोडप्यांचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर रोज लागत होते. स्पेन महागला तेव्हा नजर पूर्वेकडे वळली. सेवानिवृत्त शिक्षक, टॅक्सीचालक, परिचारिका अशा माणसांनी आपले राहते घर तारण ठेवून काळ्या समुद्राकाठी एका खोलीची सदनिका घेतली. या लोकांना लोभी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्या डोळ्यांसमोर शेजाऱ्याचे स्पेनमधले घर होते आणि त्या घराची किंमत खरोखर वाढलेली होती.

कायदा मात्र आडवा होता. १९९१ च्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने परकीयांना जमिनीची मालकी नाकारली होती. इमारत किंवा सदनिका घेता येई, तिच्याखालची जमीन नाही. त्यातून निघालेली पळवाट संपूर्ण कायदेशीर होती. बल्गेरियात कंपनी नोंदवायची आणि जमीन कंपनीच्या नावावर घ्यायची. कंपनीचे सगळे भाग परकीयाकडे असले तरी ती बल्गेरियन कंपनीच. तेव्हा किमान भांडवल ५,००० लेव्ह लागे, म्हणजे अडीच हजार युरोंच्या आसपास. याद्यांत नाव, हिशेब, वार्षिक विवरणपत्र हे सगळे मागोमाग आले. बाग असलेले खेड्यातले घर घेऊन निवांत राहू पाहणारे एखादे वृद्ध दांपत्य कागदोपत्री कंपनीचे संचालक झाले. घटनादुरुस्ती २००५ मध्ये झाली आणि ती महासंघ-प्रवेशाच्या दिवशी अमलात आली. तरीही सुट्टीच्या घरांखालच्या जमिनीसाठी पाच वर्षांची आणि शेतजमिनीसाठी सात वर्षांची सवलत बल्गेरियाने प्रवेश-करारात मागून घेतली होती. ज्या तारखेवर सगळे डोळे लावून बसले होते, त्या तारखेलाही दार पूर्ण उघडले नाही.

विक्रीची पद्धत ठरलेली होती. ब्रिटनमधील हॉटेलात प्रदर्शन, मग दोन दिवसांची पाहणी-सहल, विमानतळावरून थेट बांधकामाच्या जागेवर, आणि सही बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्ते भरण्याच्या करारावर. सोबत ‘भाड्याची हमी’. तिचे गणित उलगडून पाहण्यासारखे आहे. समजा सदनिका ५०,००० युरोंची आणि दोन वर्षे ६ टक्के भाड्याची हमी. म्हणजे विकासक एकूण ६,००० युरो परत देणार. ते तो देई कोठून? बहुधा विक्रीच्या किमतीतूनच, कारण किंमत ठरवताना ही रक्कम आधीच तिच्यात मिसळलेली असे. खरेदीदाराला स्वतःचेच पैसे हप्त्याहप्त्याने परत मिळत आणि तो त्याला परतावा समजे. दुसरी गोम खरेदीखतात. नोंदणीखर्च वाचावा म्हणून दस्तात प्रत्यक्षापेक्षा कमी रक्कम दाखवण्याचा प्रघात तिथेही होता. पुढे वाद झाल्यावर कागदावरची रक्कमच पुरावा ठरे.

खऱ्या भाड्याची कथा हवामानाने लिहिलेली होती. सूर्यकिनाऱ्याचा हंगाम जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जेमतेम चौदा-पंधरा आठवडे. हिवाळ्यात समुद्रावरून बोचरा वारा येतो, दुकाने फळ्या लावून बंद होतात. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर पेन्शनर बारा महिने राहतात, इथे ऑक्टोबरात दिवे मालवतात.

या सगळ्याचे सर्वांत ठळक चित्र बान्स्कोत दिसते. पिरिनच्या कुशीतले हे नऊ-दहा हजार वस्तीचे गाव अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत व्यापाऱ्यांचे होते. एजियन किनाऱ्याकडचा कापूस येथले व्यापारी व्हिएन्नापर्यंत नेत. त्या पैशातून दगडी, उंच भिंतींची, लहान खिडक्यांची गढीवजा घरे उभी राहिली, आणि १८३५ मध्ये ‘पवित्र त्रिमूर्ती’ चर्च. बल्गेरियन राष्ट्रजागृतीचा आद्य ग्रंथ मानला जाणारा इतिहास १७६२ मध्ये लिहिणारा भिक्षू पाइसी आपल्याच गावचा, असे बान्स्को अभिमानाने सांगते. १९४२ मध्ये गोळ्या घालून ठार केलेला कवी निकोला वाप्त्सारोव्ह तर निश्चितच इथला. त्याचे जन्मघर आज संग्रहालय आहे.

२००३ मध्ये गावापासून स्की-उतारांपर्यंत गोंडोला रोपवे सुरू झाला आणि पाच वर्षांत गावाचा नकाशा बदलला. रोपवेच्या तळाभोवती बटाट्याच्या शेतांच्या जागी सहा-सहा मजली ‘अपार्ट-हॉटेले’ उभी राहिली. प्रत्येकाच्या माहितीपत्रकात रोपवे पाच मिनिटांवर होता, पण रोपवे एकच होता. खाटा वाढत गेल्या, डब्यांची क्षमता तेवढीच राहिली, आणि हंगामात सकाळच्या रांगा तास-दीड तासांच्या झाल्या. सांडपाणी, रस्ते, पाणीपुरवठा हे सारे एका लहान गावाच्या मापाचे होते. बांधकाम-परवाना देताना गावाची धारणशक्ती कोणी मोजली नाही, आणि खरेदीदारांपैकी कोणी विचारली नाही.

मग २००८ आले. जागतिक बँकिंग संकटाने ब्रिटिश कर्जे आटली, एवढेच झाले नाही. २००७ च्या सुरुवातीस एका पौंडाला जवळपास दीड युरो मिळत होते, २००८ च्या अखेरीस पौंड युरोच्या बरोबरीला येऊन टेकला. लेव्ह युरोला बांधलेला असल्याने बल्गेरियातले हप्ते युरोतच होते. १०,००० युरोंचा जो हप्ता पावणेसात हजार पौंडांत भागणार होता, त्याला आता पावणेदहा हजारांच्या घरात पौंड लागू लागले. ज्या स्थिर चलनाने खरेदीदाराला खेचून आणले, त्यानेच त्याला जेरीस आणले. काहींनी हप्ते सोडून दिले. विकासक बुडाले, काँक्रीटचे सांगाडे उभे राहिले.

विकायचे म्हटले तर घेणारा कोण? २००७ मध्ये बल्गेरियातील सरासरी मासिक पगार सुमारे ४३० लेव्ह, म्हणजे २२० युरोंच्या आसपास होता. ५०,००० युरोंची सदनिका म्हणजे अशा माणसाचा एकोणीस वर्षांचा सबंध पगार. या बाजाराला तळच नव्हता असे म्हणावे लागते. स्पेनमध्ये परकीय गेले तरी काही घरे स्पॅनिश मध्यमवर्ग घेतो. बल्गेरियात परकीयाची सदनिका पुढच्या परकीयालाच विकता येत होती.

तो पुढचा परकीय काही वर्षे रशियन निघाला. २००९ नंतर पोमोरिए, स्वेती व्लास, सूर्यकिनारा येथे रशियन भाषेतल्या पाट्या वाढल्या. सिरिलिक लिपी, ऑर्थोडॉक्स चर्च, ओळखीचा किनारा. आई-वडील समाजवादी काळात इथेच सुट्टीला आलेले असत. २०१४ मध्ये क्रिमियानंतरचे निर्बंध आणि रुबलची घसरण यांनी तीही लाट ओसरली. पौंडाने केले तेच रुबलने केले.

घर विकले जात नाही, पण त्याचा खर्च थांबत नाही. जलतरण तलाव, उद्वाहक, पहारेकरी, बर्फ काढणे यांचे वार्षिक देखभाल शुल्क सदनिकेच्या चौरस मीटरवर आकारले जाते, मालक आला काय आणि न आला काय. २००९ मध्ये सामायिक इमारतींच्या व्यवस्थापनाचा कायदा आला. मालकांची सभा, ठराव, गणपूर्ती हे सगळे त्यात आहे. पण मालक लिव्हरपूल, डब्लिन आणि सेंट पीटर्सबर्गला विखुरलेले असताना सभा भरवायची कोणी? काही संकुलांत निम्मे मालक पैसे भरत नाहीत, मग तलाव कोरडा पडतो, मग उरलेलेही भरेनासे होतात. एक खोलीची सदनिका जवळजवळ फुकटात द्यायला तयार असलेले मालक पुढे दिसू लागले ते यामुळे.

या चित्राला एक विरोधी पार्श्वभूमी आहे. १९८५ च्या जनगणनेत बल्गेरियाची लोकसंख्या सुमारे ८९.५ लाख होती. २०२१ मध्ये ती ६५.२ लाख उरली. १९८९ च्या उन्हाळ्यात तुर्कवंशीय नागरिकांचे तीन लाखांहून अधिक संख्येने झालेले देशत्यागाचे प्रकरण, नंतरचे आर्थिक स्थलांतर आणि घटता जन्मदर ही त्याची कारणे. वेलिको तर्नोव्होच्या परिसरातील खेड्यांत परकीयांना काही हजार पौंडांत घर, अंगण, विहीर आणि द्राक्षवेलीचा मांडव मिळत असे, कारण त्या घरातली मुले सोफियात किंवा जर्मनीत होती. तिथे स्थायिक झालेल्यांची गोष्ट सदनिकाधारकांहून बरी ठरली. ते तिथे राहिले, भाषा शिकले, शेजारणीकडून ल्युतेनित्सा म्हणजे लाल मिरचीची चटणी करायला शिकले.

बान्स्कोवर उभे असलेले पिरिन राष्ट्रीय उद्यान १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. २०१० मध्ये तो वारसा विस्तारताना स्की-क्षेत्र मुख्य भागातून वगळून सीमावर्ती पट्ट्यात टाकावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये उद्यानात आणखी बांधकामाला वाट देणाऱ्या सरकारी निर्णयाविरुद्ध सोफियात मोर्चे निघाले, तेही बल्गेरियाकडे महासंघाच्या परिषदेचे अध्यक्षपद नुकतेच आलेले असताना. रांग कमी करायला दुसरा रोपवे हवा, असे बान्स्कोतील व्यावसायिकांचे म्हणणे होते. गावातल्या रिकाम्या खाटा भरण्यासाठी आता डोंगर मागितला जात होता.

गेल्या दशकात बान्स्कोला अनपेक्षित रहिवासी मिळाले. इंटरनेटवरून काम करणारी तरुण मंडळी स्वस्त भाड्याच्या शोधात आली आणि त्याच एक खोलीच्या सदनिकांत राहू लागली. मार्च २०२४ मध्ये हवाई व सागरी आणि जानेवारी २०२५ मध्ये जमिनीवरच्या सीमांसाठी बल्गेरिया शेंगेन क्षेत्रात आला, तर १ जानेवारी २०२६ ही युरो स्वीकारण्याची तारीख ठरली. दर तोच, १.९५५८३. मालमत्तेच्या जाहिरातींत ही तारीख ठळक अक्षरांत छापली गेली.