युझूचे स्नान

जपानात डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी, तुम्ही एखाद्या घरी गेलात तर न्हाणीघरातील कढत पाण्यात पिवळी फळे तरंगताना दिसतील. फळाचे नाव युझू. लिंबाच्याच कुळातले, पण लिंबापेक्षा मोठे. साल खडबडीत, आणि आत रसापेक्षा बियाच जास्त. संत्र्यासारखे सोलून खाऊ म्हणाल तर तोंड वाकडे होईल! त्याची सारी किंमत सालीच्या वासात. अंग आधी बाहेर धुवून घ्यायचे आणि मग त्या सुवासिक पाण्यात गळ्यापर्यंत बसायचे. घरची माणसे एकामागून एक त्याच पाण्यात उतरतात. असे केले म्हणजे हिवाळाभर पडसे होत नाही, अशी समजूत आहे. त्या दिवशी जेवणात भोपळा असतो, उन्हाळ्यात काढून जपून ठेवलेला. टिकाऊ भाजीची थोरवी शेतकऱ्याला काय सांगावी!

या दिवसाला ते ‘तोजी’ म्हणतात. एदो, म्हणजे आजचे टोकियो, या शहराच्या सणावारांचे एक पुस्तक १८३८ साली निघाले. त्यात या दिवशी सार्वजनिक स्नानगृहांत युझूचे पाणी तापवीत, अशी नोंद आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जपानचे जुने पंचांग आपल्यासारखेच चांद्रमासांचे, अधिक महिना धरणारे. १८७२ च्या अखेरीस सरकारने एकाएकी हुकूम काढला, आणि बाराव्या महिन्याची तिसरी तिथी १ जानेवारी १८७३ ठरली. लोकांना तयारीला महिनासुद्धा मिळाला नाही. यात सरकारचा हिशेबही होता बरं का! पुढच्या वर्षी अधिक महिना येणार होता, म्हणजे नोकरांना तेरा पगार द्यावे लागणार, ते वाचले.

सणांची मात्र दैना झाली. सातव्या महिन्याच्या सप्तमीला तारे पाहण्याचा तानाबाता सण बऱ्याच ठिकाणी ७ जुलैला आला, म्हणजे ऐन पावसाळ्यात! नववर्षाला ‘नव्या वसंताच्या’ शुभेच्छा देतात, त्याही कडाक्याच्या थंडीत. खेड्यापाड्यांतून लोक कित्येक वर्षे जुनेच नववर्ष पाळीत राहिले. तोजी तेवढा जागचा हलला नाही, कारण तो तिथीवर नव्हता, सूर्यावर होता. उलट, पूर्वी त्याची तिथी दरवर्षी पंचांगात पाहावी लागे. आता तारीख पाठ झाली.

आपली मकरसंक्रांतही सूर्याचीच. ती नक्षत्रांवरून मोजतात म्हणून सरकत सरकत जानेवारीच्या १४-१५ तारखेवर आली आहे. १९५७ पासूनच्या आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत मात्र १ पौष २२ डिसेंबरलाच येतो. शिक्षक बंधूंनी त्या दिवशी पटांगणात काठी रोवून भर दुपारच्या सावलीचे टोक मुलांकडून खुणवून घ्यावे, आणि महिन्याभराने, संक्रांतीचा तिळगूळ संपला की, त्याच काठीची सावली पुन्हा मोजावी.