काडेपेटीवरील छाप

काडेपेटीवरील छाप : काडेपेटीच्या दर्शनी बाजूस चिकटवलेला, मालाची ओळख पटविणारा सचित्र कागद. ‘घोडा छाप’, ‘जहाज छाप’ यांसारखी नावे त्यावरूनच रूढ झाली. निरक्षर गिऱ्हाईक नाव वाचून नव्हे, तर चित्र पाहून पेटी मागत असे. म्हणून चित्र हाच व्यापाऱ्याचा खरा ठेवा होता. पेटी रिकामी झाली, की हाच कागद मुलांच्या व संग्राहकांच्या हाती पडून देवघेवीची वस्तू बने. अशा चित्राची मालकी कोणाची, हा प्रश्न या दोन्ही व्यवहारांत उद्‌भवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात येणाऱ्या काडेपेट्या मुख्यतः स्वीडन व ऑस्ट्रिया या देशांतील होत्या. पुढे, विशेषतः पहिल्या महायुद्धाच्या काळात, जपानी माल वाढला. येथील बाजारासाठी परदेशी कारखानदारांनी हिंदू देवदेवतांची चित्रे छापांवर आणली. त्यांतील अनेक रविवर्मा यांच्या चित्रांवरून उघडउघड उतरविलेली होती. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिलामुद्रणालय काढले, पुढे ते लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविले आणि अखेर फ्रिट्‌स श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकले. घराघरांतून भिंतीवर लावली जाणारी त्यांची सरस्वती व लक्ष्मी ही चित्रे परदेशी छापखान्यांतून पेटीच्या आकाराची होऊन परत आली.

या उचलेगिरीस कायद्याचा अटकाव जवळजवळ नव्हता. हिंदुस्थानातील १८४७ चा प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, अधिनियम ग्रंथांसाठी होता. त्यातील ‘ग्रंथ’ या संज्ञेत नकाशे व संगीतलिपी येत, स्वतंत्र चित्रे येत नसत. चित्रांना संरक्षण देणारा ब्रिटनचा १८६२ चा अधिनियम वसाहतींना लागू नव्हता. १९११ चा ब्रिटिश अधिनियम येथे लागू झाल्यावर कलाकृतींना निश्चित संरक्षण मिळाले. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा तर १९४० पर्यंत नव्हताच. तोवर आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणाऱ्याविरुद्ध दिवाणी दावा लावणे हा मुख्य मार्ग होता. व्यापाऱ्याला अशी काहीतरी दाद होती. चित्रकाराला तीही नव्हती.

आयात काडेपेट्यांवर १९२२ मध्ये ग्रोसला दीड रुपया जकात बसली आणि परदेशी भांडवलच येथे आले. स्वीडिश मॅच कंपनीने १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी (विमको) स्थापन करून अंबरनाथ येथे कारखाना उभारला. कल्याणला लोहमार्गाचे दोन फाटे होतात. त्यांपैकी कर्जतकडील फाट्यावर अंबरनाथ, तर कसाऱ्याकडील फाट्यावर टिटवाळा, खडवली ही स्थानके आहेत. म्हणजे या परिसराला काडेपेटी ही जवळच्याच कारखान्याची वस्तू झाली. याच दशकात दक्षिणेकडील शिवकाशी येथे छोट्या कारखान्यांचा उद्योग वाढला व त्यांना लागणाऱ्या छापांतून तेथील मुद्रणव्यवसाय उदयास आला. लहान कारखाने अनेक आणि खपणारी चित्रे मोजकी, त्यामुळे अनुकरण बोकाळले. प्राण्याचे तोंड फिरवावे, नावातील एखादे अक्षर बदलावे, रंग मात्र तेच ठेवावेत, ही नेहमीची रीत. संग्राहकांना असे जुळे छाप मूळ छापाइतकेच मोलाचे वाटतात, ही गंमतच म्हणावयाची.

मुलांच्या व्यवहारात छाप हे जवळजवळ नाणे होते. पेटी भिजवून कागद अलगद सोडवावा, वाळवून वहीत दाबावा, दोनदोन असलेले बदलून घ्यावेत किंवा खेळात पणाला लावावेत. दुर्मिळ छापासाठी अनेक साधे छाप मोजावे लागत. प्रौढांच्या संग्रहछंदास ‘फिल्युमेनी’ हे नाव ब्रिटनमध्ये १९४३ मध्ये मिळाले.

अशा अदलाबदलीस कायद्याची हरकत नाही. १९५७ च्या अधिनियमान्वये कलाकृतीच्या प्रती प्रथम प्रसृत करण्याचा हक्क मालकाचा असतो. एकदा वितरणात आलेल्या प्रतीवर तो चालत नाही. हरकत आहे ती नक्कल करून विकण्यास. छापाची नोंद कलाकृती म्हणून करावयाची, तर तिच्याशी फसवे साम्य असलेले व्यापारचिन्ह नोंदलेले नाही, असा व्यापारचिन्ह निबंधकाचा दाखला १९८३ च्या दुरुस्तीने आवश्यक झाला. निनावी कृतीचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. व्यापारचिन्हाचे मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. साहजिकच चित्र सर्वांचे झाले, तरी ते काडेपेटीवर लावण्याचा हक्क एकाचाच राहू शकतो. बहुतेक छापांवर चित्रकाराचे नाव नाही. नोकरीत वा मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा हक्क सामान्यतः मालकाकडे किंवा काम सांगणाऱ्याकडे जात असल्याने, नाव असते तरी त्याला फारसे काही मिळाले नसते.

याच प्रश्नाचे अलीकडील रूप मनोरंजन-उद्यानांतील धातूच्या बिल्ल्यांत दिसते. अमेरिकेत फ्लॉरिडातील डिझ्नी उद्यानात १९९९ मध्ये बिल्ल्यांची अदलाबदल रीतसर सुरू झाली. उद्यानातील कर्मचाऱ्याशी बदलावयाचा बिल्ला धातूचा असावा व त्याच्या पाठीवर कंपनीचे हक्कचिन्ह असावे, असा नियम आहे. परंतु बनावट बिल्ल्यावर तेही चिन्ह उठविता येते. मग तो नकळत हातोहात फिरतो आणि खऱ्याची किंमत उतरते. काडेपेटीच्या छापाला असा पहारा कधीच नव्हता.

पुढे लाकडी पेटीची जागा पुठ्ठ्याच्या पेटीने घेतली व चित्र थेट पुठ्ठ्यावर छापले जाऊ लागले, तेव्हा सुटा छाप नाहीसा होत गेला. संग्राहक आता उलगडलेले पुठ्ठे जपतात. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. निधनानंतर ५० वर्षांची तत्कालीन मुदत १९५६ मध्ये संपल्याने त्यांची चित्रे कोणीही छापू शकतो. नवा छापलेला कागद जुना स्वीडिश छाप म्हणून विकणे ही मात्र फसवणूकच ठरते, आणि तिचा निवाडा प्रताधिकाराच्या कायद्याने होत नाही.