मराठवाड्यातला समुद्रकिनारा

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरी किनाऱ्यावरचे पक्षी बघायला आम्हा अंबडकरांना कोकणात जावं लागत नाही. शेजारी पैठणला नाथसागर आहे.

हा किनारा माणसाने बांधलेला. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी उद्घाटन. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ला. वाटणीत आमच्याकडे डावा कालवा आला, जलाशय तिकडेच राहिला. (म्हणजे ऊस आमचा, पक्षी त्यांचे!)

पक्ष्यांसाठी अर्थातच कोणी धरण बांधलं नव्हतं. पण इथली जमीन इतकी सपाट, की पाणी जरा उतरलं तरी लांबवर चिखल उघडा पडतो. टिलवा, चिखल्या, तुतवार या मंडळींना समुद्राशी फारसं देणंघेणं नसतं; हवा असतो ओला चिखल आणि त्यातले किडे-अळ्या. मुंबईत शिवडीला हा चिखल ओहोटी दिवसातून दोनदा उघडा करते. पैठणला ते काम पाटबंधारे खात्याकडे. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी मागे सरकतं. चंद्राच्या जागी शाखा अभियंता! टिलवा जेमतेम २५-३० ग्रॅमचा. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात जन्मतो, हजारो किलोमीटर उडून येतो आणि इथे त्याचं जेवण आवर्तनाच्या वेळापत्रकावर ठरतं.

१९८६ला इथे पक्षी अभयारण्य झालं. पण या चिखलावर आणखी एक हक्क आहे. धरणात शंभरावर गावं गेली. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. ज्यांची शेतं बुडाली त्यातल्या काहींना तेवढीच जमीन वर्षातले काही महिने कसायला मिळते. पेरणीही हिवाळ्यातच, पक्षीही हिवाळ्यातच. पक्षीमित्रांच्या गप्पांत याला सर्रास 'अतिक्रमण' म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. पंपांचा आवाज, फवारणी, चिखलात फिरणारी माणसं यांचा पक्ष्यांना त्रास होतो, हे खरंच. पण क्रम तर बघा: आधी शेत, मग पाणी, मग अभयारण्याची रेघ. ती रेघ आखताना शेतकरी तिथे नवा आलेला नव्हता.

असो. जायचं असेल तर जानेवारीत जा, उजाडता उजाडता. दुर्बीण न्या. आणि पाण्याजवळ जाताना बांधाबांधाने जा, कोणाच्या हरभऱ्यातून नको.