डबीत मावलेलं गाणं

तपकिरीच्या डबीएवढी पेटी, सोन्याची किंवा मिनाकाम केलेली. कडेची कळ सरकवली की वरचं अंडाकृती झाकण ताडकन उघडतं. बोटाच्या पेराएवढा पक्षी उभा राहतो, चोच उघडतो, पंख फडफडवतो, वीसेक सेकंद गातो आणि गपकन आडवा होऊन झाकणाखाली दिसेनासा होतो.

त्याच्या कुळाचा मूळपुरुष मात्र पक्षी नव्हता, पक्ष्यांचा मास्तर होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये ‘सेरिनेट’ नावाची छोटी पेटी निघाली. दांडा फिरवला की आतला खिळे ठोकलेला रूळ फिरे आणि ओळीनं बसवलेल्या नळ्या पिंजऱ्यातल्या कॅनरीला तीच ती धून ऐकवत. कॅनरी ती उचलायची. शेजाऱ्यांचं काय होत असेल कोण जाणे!

यंत्र पक्ष्याला शिकवू शकतं, तर स्वतःच का गाऊ नये? घड्याळजींनी पिंजऱ्यात खोटे पक्षी गायला लावले खरे, पण अडचण जागेची होती. प्रत्येक स्वराला वेगळी नळी म्हटल्यावर डबीत मावणार काय? तोड निघाली ती १७८० च्या दशकात, स्वित्झर्लंडच्या पिएर झाके-द्रो, मुलगा आंरी-लुई आणि भागीदार लेशो यांच्या कारखान्यात. नळ्या काढून एकच शिट्टी ठेवली आणि तिच्या पोटात सरकता दट्ट्या बसवला. दट्ट्या आत गेला की स्वर चढतो, बाहेर आला की उतरतो. पक्ष्याची लकेर खरी वाटते ती यामुळेच: स्वर तुटक न येता घसरत येतात. माझ्या मते खरी करामत हीच. सोनं, रत्नं हा सगळा गिऱ्हाइकासाठीचा थाट.

पक्षी स्वतः मुकाच असतो. तळाशी स्प्रिंग, तिच्या जोरावर हलणारा इवलासा भाता आणि एकाच कण्यावर रचलेल्या, कडा कोरलेल्या चकत्या. एक चकती दट्ट्या सरकवते, दुसरी हवेची झडप उघडते, बाकीच्या चोच, शेपूट, पंख हलवतात. गाणं म्हणजे त्या कडांवरचे चढउतार. कानसेच्या एका चुकार फटक्यानं स्वर बिघडायचा. अंगावर पिसं मात्र खरी, बहुधा हमिंगबर्डची.

पुढे जिनिव्हात रोशा बंधूंनी, पॅरिसमध्ये बोंताँ घराण्यानं आणि जर्मनीच्या ट्रायबर्गमध्ये ग्रीसबाऊमनं हा धंदा विसाव्या शतकापर्यंत आणला. जुनी डबी आज दुरुस्तीला येते तेव्हा पोलाद, पितळ बहुतेकदा शाबूत असतं. फाटलेला असतो तो भाता. पातळ कातडं नव्यानं चढवलं की शिट्टीत पुन्हा वारा भरतो.